गावाचं पर्यटन सुरू करताय? मग आधी नुकसानीची यादी करा

पर्यटक आले की गावात पैसा येतो आणि पैसा आला की लोक जंगल राखतात, असं सामुदायिक पर्यटनाच्या बहुतेक माहितीपत्रकांत छापलेलं असतं. यातली पहिली गोष्ट कधीकधी खरी ठरते. दुसरी आपोआप कधीच घडत नाही. बिबट्याने शेळी नेली एकाची आणि बिबट्या बघायला आलेला पाहुणा उतरला दुसऱ्याच्या घरी, असं असेल तर पर्यटन कितीही जोरात चालू दे, पहिल्याचा राग कमी होणार नाही. शेजाऱ्याची वरकमाई बघून तो वाढेलच.

हा लेख नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी आहे. गावातला तरुणांचा गट असो, महिला मंडळ असो की एखाद्या संस्थेचा कार्यकर्ता. पायऱ्यांचा क्रम मुद्दाम असा लावला आहे, कारण खोल्या रंगवणं, फलक लावणं, समाजमाध्यमांवर फोटो टाकणं ही कामं सगळ्यांना आधी सुचतात आणि ती शेवटी केली तरी चालतात. निसर्ग आणि पैसा यांची गाठ मात्र पहिला पाहुणा येण्याआधीच मारावी लागते. एकदा चार घरांना कमाईची सवय लागली की नंतर नियम आणणं फार जड जातं.

पहिली पायरी: कोणाचं काय जातं?

गावात काय बघण्यासारखं आहे याची यादी सगळेच करतात. तुम्ही दुसरी यादी करा. जंगली प्राण्यांमुळे, किंवा जंगल, किनारा, पाणथळ राखण्यामुळे गावात कोणाचं काय नुकसान होतं? कोणाचं पीक जातं, कोणाची जनावरं जातात, कोणाला सरपण किंवा मासळी सोडावी लागणार, कोण शिकार करून पोट भरतं. घरोघरी फिरून ही नावं लिहून काढा. चावडीवर बसून होणारं हे काम नाही, कारण ज्यांचं सर्वांत जास्त जातं ते चावडीवर बोलत नाहीत.

लडाखमध्ये हेमिस राष्ट्रीय उद्यानातल्या रुंबक आणि आसपासच्या गावांत हिमबिबट्याच्या बाबतीत नेमकं हे झालं. बर्फाळ रात्री हिमबिबट्या गोठ्यात शिरायचा. आत कोंडलेल्या शेळ्यामेंढ्या घाबरून सैरावैरा धावायच्या आणि एका रात्रीत तो अनेक जनावरं मारून टाकायचा. वर्षाची कमाई एका रात्रीत गेली की मालक सूड घेणारच. तिथल्या स्नो लेपर्ड कॉन्झर्व्हन्सीने पाहुण्यांपासून नव्हे, गोठ्यांपासून सुरुवात केली. गोठ्यावर लाकडी चौकट आणि तारेची जाळी टाकली, घट्ट बसणारं दार लावलं. जाळीचं सामान संस्थेचं, दगड-माती आणि श्रम गावाचे. त्याच्या जोडीला घरगुती मुक्कामाची योजना आली आणि मिळकतीतला १० टक्के वाटा गावाच्या संवर्धन निधीत जाऊ लागला. हिमबिबट्या आता दोन्ही बाजूंनी परवडू लागला: नुकसान घटलं आणि मिळकत वाढली. नुसती मिळकत आणली असती आणि गोठे उघडेच राहिले असते, तर एवढ्याने भागलं नसतं.

तेव्हा यादी झाली की प्रत्येक नावासमोर एक प्रश्न लिहा: या माणसाचं नुकसान पर्यटनाशिवाय कमी करता येईल का? येत असेल तर ते काम आधी. बऱ्याच ठिकाणी एवढ्यानेच अर्धी लढाई संपते, आणि मग पर्यटनाची गरज किती आहे याचाही नीट अंदाज येतो.

दुसरी पायरी: जंगल कोणाचं, हद्द कोणाची

गावाचा ज्या जागेवर काहीच अधिकार नाही, ती जागा गाव फार काळ राखू शकत नाही. बाहेरून कोणी आला आणि झाड तोडून गेला, तर त्याला कोणत्या अधिकाराने अडवणार? म्हणून मालकी, वापराचे हक्क आणि व्यवस्थापनाचे हक्क यांची कागदपत्रं बघा. वनखातं, स्थानिक प्रशासन, मच्छीमार संघटना, शेजारचं गाव, सगळ्यांशी बोलून घ्या. कंटाळवाणं काम आहे, पण याला पर्याय नाही.

नामिबियाचा दाखला इथे उपयोगी आहे. तिथे १९८० च्या दशकात वायव्येकडच्या कोरड्या प्रदेशात हत्ती आणि काळे गेंडे चोरट्या शिकारीने संपत आले होते. गार्थ ओवेन-स्मिथ आणि त्यांच्याबरोबर काम करणाऱ्यांनी स्थानिक प्रमुखांशी बोलून त्यांच्याच माणसांमधून रखवालदार नेमायला लावले. गुराखी, जुने शिकारी, पाऊलवाटा ओळखणारे लोक. पर्यटन तेव्हा नावालाही नव्हतं. पुढे १९९६ मध्ये कायदा बदलला आणि गावसमूहांना आपल्या जमिनीवरच्या वन्यप्राण्यांपासून उत्पन्न घेण्याचा हक्क मिळाला. १९९८ मध्ये पहिल्या चार कॉन्झर्व्हन्सी, म्हणजे गावसमूहांनी स्वतः सांभाळायची वन्यजीव क्षेत्रं, नोंदल्या गेल्या, आज त्या ८० हून अधिक आहेत. उत्पन्न फक्त पर्यटनाचं नाही, काही ठिकाणी परवान्याच्या शिकारीचंही आहे आणि त्यावर बरेच वाद आहेत. पण क्रम बघा: आधी राखण, मग हक्क, मग पाहुणे.

नोंदणीसाठी त्या कायद्याने ज्या गोष्टी मागितल्या, त्या कोणत्याही गावाने कायदा असो-नसो करून ठेवाव्यात: शेजाऱ्यांनी मान्य केलेली हद्द, सभासदांची यादी, लिखित नियमावली, निवडलेली समिती आणि मिळकत कशी वाटायची याचा आराखडा. यातल्या हद्दीच्या कामाला सर्वांत जास्त वेळ लागतो. शेजारचं गाव म्हणतं, ओढ्यापलीकडची कुरणं आमची. हे भांडण पाहुणे येण्याआधी मिटवा, कारण पैसा दिसू लागल्यावर ते मिटत नाही.

आणि एक कटू दाखला. युगांडातलं ब्विंडीचं जंगल १९९१ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं आणि तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या बाट्वा लोकांना बाहेर काढलं गेलं. नंतर गोरिला पर्यटन बहरलं, उत्पन्नाचा वाटा आसपासच्या गावांना देण्याची पद्धतही आली. पण बाट्वांकडे जमीन नव्हती आणि स्थानिक कारभारात आवाजही नव्हता, त्यामुळे ज्यांनी सर्वांत जास्त गमावलं त्यांनाच सर्वांत कमी मिळालं. वाटपाचा आराखडा करताना पहिल्या पायरीवरची यादी समोर का ठेवायची, ते यावरून कळावं.

तिसरी पायरी: येणार कोण?

इथे बहुतेकांचा उत्साह खरा ठरत नाही. ब्रिटनमधल्या ओव्हरसीज डेव्हलपमेंट इन्स्टिट्यूटने २००८ मध्ये काढलेल्या एका टिपणात अमेरिका खंडांतल्या २०० सामुदायिक प्रकल्पांच्या पाहणीचा दाखला आहे. मुक्कामाची सोय करणाऱ्या अनेकांकडे खाटा भरण्याचं प्रमाण अवघं ५ टक्के होतं. म्हणजे ३६५ रात्रींपैकी जेमतेम १८. अनुदान आलं, इमारत बांधली, उद्घाटन झालं, आणि गिऱ्हाईक कुठून येणार हे कोणी विचारलंच नाही.

म्हणून बांधकामाआधी चार साध्या गोष्टी तपासा. जवळच्या मोठ्या रस्त्यापासून किंवा स्टेशनपासून गाव किती तास आहे? आत्ता या वाटेने कोण जातं आणि ते का थांबत नाहीत? वर्षातले किती महिने बघण्यासारखं काही असतं? पाहुणे आणणारी एखादी तरी कंपनी, पक्षीनिरीक्षकांचा किंवा गिर्यारोहकांचा गट तुमच्याशी बोलायला तयार आहे का? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असेल तर थांबा. असलेल्या घरांमधल्या दोन-तीन खोल्यांत, ओळखीच्या लोकांना बोलावून, पैसे घेऊन एक हंगाम काढून बघा. फुकट बोलावू नका. फुकट आलेला पाहुणा खरं मत देत नाही.

आणि उत्तर ‘पर्यटन इथे चालणार नाही’ असं आलं तर ते मान्य करा. मध, बांबू, औषधी वनस्पती, जंगल राखल्याबद्दल मिळणारा थेट मोबदला असे दुसरे मार्ग आहेत. प्रत्येक सुंदर गाव पर्यटनाचं गाव होऊ शकत नाही आणि होऊही नये.

चौथी पायरी: पैशाची वाट आखा

या लेखातलं एकच प्रकरण वाचायला वेळ असेल तर हे वाचा.

पाहुण्याने दिलेल्या रकमेचे १०० भाग कल्पून कागदावर मांडा. किती भाग ज्या घरी तो उतरला त्या घराला, किती वाटाड्याला, किती समितीच्या खर्चाला, किती गावनिधीला, आणि किती भाग गावाबाहेर जातात. हा शेवटचा आकडा लोक विसरतात. गाडी बाहेरची, सामान शहरातून आणलेलं, आरक्षण करणाऱ्या संकेतस्थळाचं कमिशन, असं करत निम्म्याहून जास्त रक्कम गावात न थांबता निघून जाऊ शकते. ती गळती कमी करणं हे चार जास्तीचे पाहुणे आणण्यापेक्षा सोपं असतं, आणि जंगलावरही त्याचा भार पडत नाही.

घरांना पाहुणे वाटण्यासाठी पाळी लावा. नेपाळमध्ये सिरुबारी गावाने १९९७ च्या सुमारास सामूहिक होम-स्टे सुरू केलं तेव्हा पाहुणा कोणाकडे उतरणार हे पाहुणा ठरवत नसे, गावाची समिती पाळीने ठरवत असे. यामुळे रस्त्यालगतच्या घराला किंवा गोडबोल्या मालकालाच सगळी गिऱ्हाइकं जात नाहीत. पाळीला एक दुखणं आहे, तेही सांगतो: घर नीट न ठेवणाऱ्यालाही पाहुणा मिळतो आणि चांगलं करणाऱ्याचा हुरूप जातो. त्यावर उपाय म्हणजे किमान अटी ठरवायच्या, त्या न पाळणाऱ्याची एक पाळी जाते. अटी तपासायला मात्र दर वेळी वेगळी माणसं.

गावनिधी किती ठेवायचा यावर वाद होतील. माझं मत असं की टक्का लहान असला तरी चालेल, पण तो पहिल्या दिवसापासून हवा आणि पाहुण्याच्या पावतीवर वेगळा दिसायला हवा. पावतीवर दिसला की पाहुणा विचारतो, याचं काय करता? आणि समितीला उत्तर द्यावं लागतं. त्या निधीतून काय करायचं ते आधी लिहून ठेवा: जनावर गेल्यास तातडीची मदत, कुंपण, रखवालदारांचं मानधन. मंदिराचं रंगकाम, क्रिकेटचे सामने यांनाही गावात किंमत आहे, पण तो पैसा वेगळ्या खिशातला असू दे.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे पैसा आणि प्राणी यांचा संबंध गावकऱ्याला उघड्या डोळ्यांनी दिसला पाहिजे. केनियातल्या मसाई मारा अभयारण्याच्या सीमेवर मसाई जमीनमालकांनी जमिनी एकत्र करून कॉन्झर्व्हन्सी केल्या. पर्यटन कंपन्या त्यांना दरमहा ठरलेलं भाडं देतात, पाहुणे कमी आले तरी. बदल्यात मालकांनी कुंपण घालायचं नाही, बांधकाम करायचं नाही, चराई ठरलेल्या पद्धतीने करायची. सौदा स्पष्ट आहे: जमीन मोकळी राहिली तर भाडं येतं. उणीव अशी की जमिनीचे कागद बहुतेक पुरुषांच्या नावावर, त्यामुळे भाडंही त्यांच्याच हाती. तुमच्याकडे असं होत असेल तर घरातल्या कामाचा, म्हणजे स्वयंपाक, धुणं, झाडलोट, पाणी या सगळ्याचा मोबदला ते करणाऱ्या बाईच्या खात्यात थेट जमा करण्याची सोय आत्ताच करा.

हिशेब दर महिन्याला सगळ्यांना दिसेल अशा भिंतीवर लावा. वही कपाटात ठेवून पारदर्शकता येत नाही.

पाचवी पायरी: किती जणांना ‘नाही’ म्हणणार?

मर्यादा ठरवताना लोक ‘वहनक्षमता’ असा जड शब्द वापरतात आणि एखाद्या तज्ज्ञाकडून आकडा मागतात. नेमका आकडा असा कुणाकडेच नसतो. त्याऐवजी विचारा, काय बिघडलं तर आपण थांबू? विहिरीची पातळी अमुक खाली गेली, घरट्यांची संख्या घटली, वाटेची रुंदी वाढली, गावातल्या बायकांना पाणवठ्यावर जाणं अवघड झालं. अशा चार-पाच खुणा ठरवा आणि त्यातली एक जरी दिसली तरी पुढच्या महिन्यात पाहुण्यांची संख्या कमी करायची, हे लिहून ठेवा.

काही ठिकाणी मात्र नेमके आकडे शक्य आहेत आणि ते पाळलेच पाहिजेत. पर्वतीय गोरिलांच्या एका कुटुंबाला रवांडा आणि युगांडात दिवसातून एकदाच, जास्तीत जास्त आठ पर्यटकांचा गट, एक तासापुरता भेटू शकतो. सर्दी-खोकल्यासारखे माणसाचे आजार गोरिलांना लागतात आणि ते त्यात मरू शकतात, हे त्यामागचं कारण.

फिलिपिन्समधल्या दोन किनाऱ्यांची तुलना करून बघा. डोन्सोलमध्ये १९९८ पासून देवमाशांएवढ्या प्रचंड व्हेल शार्कभोवती पर्यटन उभं राहिलं. नियम होते: एका शार्कजवळ एकच बोट, पाण्यात एका वेळी सहाच जण, स्पर्श नाही, फ्लॅश नाही. प्रत्येक बोटीवर प्रशिक्षित स्थानिक माणूस. अडचण एवढीच की शार्क रानटी होते. कधी दिसत, कधी नाही. मग ओस्लोबमध्ये कोळ्यांनी शार्कना रोज खाऊ घालायला सुरुवात केली. शार्क रोज हमखास येऊ लागले, गर्दी उसळली, पैसाही भरपूर आला. पण शार्क बोटींजवळ रेंगाळायला शिकले, त्यांच्या अंगावर जखमांच्या खुणा दिसू लागल्या आणि स्थलांतर करणारा मासा एका जागी अडकून राहू लागला. गावाच्या दृष्टीने ओस्लोब यशस्वी आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याला संवर्धन म्हणता येत नाही. तुमच्या गावातही कोणीतरी म्हणेल, थोडं मीठ टाकू, थोडं मांस टाकू, प्राणी समोर येईल. तेव्हा काय उत्तर द्यायचं ते आधी ठरवलेलं असू दे.

नियम मोडला तर शिक्षा काय? एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरच्या सामाईक कुरणांचा, कालव्यांचा, मासेमारीचा अभ्यास केला आणि त्यासाठी त्यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांना दिसलेली एक गोष्ट अशी की टिकून राहिलेल्या व्यवस्थांत शिक्षा पायरीपायरीने वाढते. पहिल्या वेळी समज, मग लहान दंड, मग मोठा, आणि अगदी शेवटी बाहेर काढणं. पहिल्याच चुकीला जबर दंड लावलात तर तो वसूल करायची हिंमत कोणालाच होत नाही आणि नियम कागदावर राहतो.

सहावी पायरी: वाटाडे

प्राण्याला सर्वांत जवळून ओळखणारा माणूस बहुतेक वेळा त्याची शिकार करणारा असतो. केरळातल्या पेरियारमध्ये झाडांची साल चोरून विकणाऱ्यांमधूनच जंगलवाटा दाखवणारे तयार झाले. ओडिशात चिलिका सरोवराकाठी मंगळाजोडीत पक्षी मारणाऱ्या गावकऱ्यांनी पक्ष्यांची राखण सुरू केली आणि पुढे तेच होडीतून पाहुण्यांना पक्षी दाखवू लागले. अशा माणसांना घेताना गावातले सज्जन कुरकुर करतात: चोरी केली त्यालाच नोकरी? करू देत कुरकुर. दुसऱ्या कोणाला प्रशिक्षण दिलंत तर शिकारी शिकारच करत राहील. फक्त त्या माणसाकडून लेखी कबुली घ्या आणि ती सगळ्यांसमोर वाचा.

प्रशिक्षणात प्राण्यांची नावं पाठ करून घेण्यापेक्षा ‘कधी थांबायचं’ हे शिकवा. कोस्टा रिकातल्या तोर्तुगेरोच्या किनाऱ्यावर हिरव्या समुद्री कासवांच्या माद्या रात्री अंडी घालायला येतात. मादी पाण्यातून बाहेर येते, जागा हुडकते, पुढच्या वल्ह्यांसारख्या पायांनी वाळू उडवत अंगापुरता खड्डा करते, मग मागच्या पायांनी एकेक ओंजळ वाळू उपसत अंड्यांसाठी खोल भोक खणते. इथवर ती फार सावध असते. कोणी हललं, टॉर्च चमकला की काम अर्धवट टाकून पाण्यात परतते. अंडी पडायला लागली की मात्र ती सहसा उठत नाही. शंभरावर अंडी घालून होईपर्यंत तिथेच असते. म्हणून तिथे पाहुण्यांचे गट किनाऱ्यावर हिंडत नाहीत, आत झाडीतल्या वाटेवर थांबतात. वाळूवर फक्त अनुभवी टेहळे फिरतात. मादीने अंडी घालायला सुरुवात केली की ते वाटाड्याला कळवतात आणि मगच गट मागच्या बाजूने जवळ येतो. कॅमेरा नाही, उजेड फक्त लाल. वाटाड्याचं खरं कौशल्य त्या झाडीत उभं राहून अधीर झालेल्या लोकांना पाऊण तास शांत ठेवण्यात आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला २००२ पासून कासवांची अंडी राखण्याचं काम चालू आहे, तिथे पाहुणे पिल्लं समुद्रात जाताना बघतात. प्रसंग वेगळा असला तरी दोरीच्या अलीकडे थांबायची शिस्त तीच.

खोल्या, पाणी, सरपण

यावर भरपूर लिहिलेलं मिळतं, म्हणून थोडक्यात. स्वच्छ संडास, स्वच्छ अंथरूण, दाराला आतून कडी. याहून जास्त गावाबाहेरचा पाहुणा मागत नाही, आणि मागत असेल तर तो तुमचा पाहुणा नव्हे. प्लास्टिकच्या बाटल्यांऐवजी भरून ठेवलेलं गाळलेलं पाणी द्या. कचरा परत नेण्याची अट आरक्षणातच घाला.

सरपणाकडे मात्र लक्ष द्या. नेपाळच्या अन्नपूर्णा भागात गिर्यारोहक वाढले तसे त्यांच्या आंघोळीच्या आणि स्वयंपाकाच्या पाण्यासाठी लॉजवाल्यांनी जंगल तोडायला सुरुवात केली होती. निसर्ग बघायला आलेल्या पाहुण्यामुळेच निसर्ग जात होता. १९८६ मध्ये घान्द्रुकपासून सुरू झालेल्या अन्नपूर्णा संवर्धन प्रकल्पाने उद्यानासारखं लोकांना बाहेर काढलं नाही. पर्यटकांकडून प्रवेशशुल्क घेतलं, ते तिथेच खर्च केलं, स्थानिक समित्या केल्या, रॉकेलचे डेपो आणि पाणी तापवायच्या सौर सोयी आणल्या, आणि काही पट्ट्यांत पर्यटकांसाठी लाकूड जाळण्यावर बंदी घातली. पहिली खोली भाड्याने देण्याआधी गरम पाणी कशावर होणार, हे ठरलेलं असावं.

सातवी पायरी: नोंदवही

प्राणी वाढतात की घटतात हे तुम्हाला कळलं नाही तर पर्यटनाने संवर्धन झालं असं म्हणायला काहीच आधार नाही. यासाठी शास्त्रज्ञ लागत नाही. नामिबियात ‘इव्हेंट बुक’ नावाची पद्धत आहे. प्रत्येक रखवालदाराकडे खिशात मावेल अशी वही. कोणता प्राणी दिसला, कुठे मेलेला सापडला, कोणाचं शेत किंवा जनावर गेलं, सापळा मिळाला का, इतकंच टिपायचं. महिन्याच्या शेवटी त्यावरून भिंतीवरच्या तक्त्यात चौकोन रंगवायचे, वर्षाच्या शेवटी एक मोठा आलेख. वही गावातच राहते, विश्लेषणही गावच करतं. बाहेरचा संशोधक आला तर त्याला नक्कल मिळते, मूळ वही नाही.

तुम्ही यातला अगदी लहान भाग उचला. एकच वाट, एकच माणूस, ठरलेली वेळ, महिन्यातून दोनदा. मोजणारा बदलला तर आकड्यांची तुलना करता येत नाही, म्हणून त्याला मानधन द्या आणि टिकवा.

बाहेरची कंपनी आली तर

गाव जरा नावारूपाला आलं की कोणीतरी भागीदारीचा कागद घेऊन येतं. घाबरू नका, पण घाईही करू नका. पेरूच्या अॅमेझॉनमधल्या इन्फिएर्नो नावाच्या वस्तीने १९९६ मध्ये एका खाजगी कंपनीशी २० वर्षांचा करार केला. पोसादा अमेझोनास हे लॉज वस्तीच्या जमिनीवर, वस्तीच्या मालकीचं. नफ्यातले ६० टक्के वस्तीला, ४० टक्के कंपनीला, निर्णय मात्र निम्मेनिम्मे. वस्तीच्या लोकांनी फक्त खोल्या झाडायच्या असं नव्हतं. कारभार शिकून घेणं हा कराराचाच भाग होता.

तुमच्या कागदात या गोष्टी शोधा: मुदत किती, मुदत संपल्यावर इमारत कोणाची, हिशेबाची वही बघण्याचा हक्क आहे का, पाहुण्यांची कमाल संख्या लिहिली आहे का, आणि वाटा ‘नफ्यावर’ आहे की ‘उलाढालीवर’. शेवटचा मुद्दा नीट बघा. नफा कागदावर शून्य दाखवता येतो, उलाढाल लपवणं अवघड असतं. सही करण्याआधी करार गावातल्या भाषेत मोठ्याने वाचून दाखवला गेला पाहिजे.

वाईट वर्ष

२०२० मध्ये जगभरचे पाहुणे एका महिन्यात थांबले. ज्या गावांनी शेती, गुरं, मासेमारी सोडून सगळं पर्यटनावर टाकलं होतं त्यांना सर्वांत मोठा फटका बसला, आणि अनेक ठिकाणी रखवालदारांचे पगारच अडकले. साथ, पूर, राजकीय गोंधळ, रस्ता वाहून जाणं, काही ना काही येतच राहतं. म्हणून गावनिधीतला एक हिस्सा असा बाजूला ठेवा की पाहुणे शून्य असले तरी रखवालदारांचं मानधन किमान सहा महिने देता येईल. घरांना सांगत राहा की ही वरकमाई आहे. नांगर विकून खोली बांधणाऱ्याला समितीने स्पष्ट नकार द्यावा, तो कितीही चिडला तरी.

पहिला हंगाम संपल्यावर

सगळ्या गावाची सभा घ्या, समितीची नाही. तिच्यात तीन कागद वाचा: पैशाचा हिशेब, तक्रारींची वही आणि प्राण्यांची नोंद. पहिल्या पायरीवरची नुकसानीची यादीही बरोबर आणा आणि एकेक नाव पुकारून विचारा, तुमचं या वर्षी काय गेलं आणि तुम्हाला काय मिळालं. ज्यांच्या वाट्याला फक्त नुकसानच आलं त्यांची नावं वेगळी लिहा. पुढच्या हंगामातली वाटाड्यांची, रखवालदारीची आणि पाहुण्यांची पहिली पाळी त्या नावांपासून लावा.